कोड्यांचे बेट

व्याकरणाच्या तासाला आपण तीन पुरुष शिकतो. बोलणारा तो प्रथम पुरुष, म्हणजे ‘मी’. ज्याच्याशी बोलायचे तो द्वितीय पुरुष, म्हणजे ‘तू’. आणि ज्याच्याविषयी बोलायचे तो तृतीय पुरुष, म्हणजे ‘तो’, ‘ती’ किंवा ‘ते’. हे तीन पुरुष केवळ वाक्यांतच वावरतात असे नाही. गोष्ट सांगणारा लेखकही त्यांपैकी एकाची निवड करीत असतो. इतकेच काय, संगणकाच्या पडद्यावर जे खेळ खेळले जातात आणि ज्यांना आपण व्हिडिओ गेम म्हणतो, त्यांनाही हे तीन पुरुष असतात.

पडद्यावर एक लहानसा मनुष्य धावत आहे, उड्या मारीत आहे आणि आपण बाहेरून त्याला चालवीत आहोत, असा खेळ तुम्ही पाहिला असेल. तो तृतीय पुरुषी खेळ होय. ‘तो पडला’, ‘तो जिंकला’ असे आपण त्याच्याविषयी म्हणतो. दुसऱ्या प्रकारच्या खेळात पडद्यावर चित्रच नसते. नुसती वाक्ये असतात. विल क्राउथर ह्या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९७६ च्या सुमारास असा एक खेळ रचला. त्याला गुहा धुंडाळण्याचा छंद होता. केंटकी प्रांतातील मॅमथ केव्ह ह्या प्रचंड गुहेत तो स्वतः उतरला होता. तिच्याच आधारे त्याने आपल्या मुलींसाठी एक शब्दांची गुहा तयार केली. पुढे १९७७ साली डॉन वुड्स ह्याने तीत भर घातली. ‘तू अमुक ठिकाणी उभा आहेस, तुझ्यासमोर अमुक वस्तू आहे,’ अशा धर्तीची वाक्ये पडद्यावर उमटत. खेळणाऱ्याने ‘उत्तरेस जा’, ‘दिवा घे’ अशी आज्ञा टंकलिखित करायची. हा द्वितीय पुरुषी खेळ झाला.

आपल्याला आज ज्याची ओळख करून घ्यायची आहे तो मात्र प्रथम पुरुषी खेळ आहे. त्यात खेळणाऱ्याची आकृती पडद्यावर दिसत नाही. पडदा हाच खेळणाऱ्याचा डोळा असतो. समोर दार असले तर ते ‘माझ्या’ समोर असते. मागे वळलो तर ‘मीच’ वळतो. अशा खेळांपैकी काहींत हाणामारी असते. परंतु काही खेळ असे आहेत की, त्यांत शस्त्र नाही, शत्रू नाही आणि शर्यतही नाही. एक अनोळखी, निर्जन जागा आहे. तेथे जुन्या धाटणीची विलक्षण यंत्रे आहेत. आणि ती यंत्रे कशी चालतात हे कोणीही सांगत नाही. ते आपणच ओळखायचे. ह्या कोड्यांच्या साहसखेळांत सर्वांत नावाजलेला खेळ म्हणजे ‘मिस्ट’ होय.

रँड मिलर आणि रॉबिन मिलर ह्या दोन अमेरिकन भावांनी आपल्या सोबत्यांच्या साहाय्याने ‘मिस्ट’ तयार केला. तो १९९३ साली प्रसिद्ध झाला. खेळणारा एक गूढ पुस्तक उघडतो आणि एका बेटावर येऊन पोहोचतो. तेथे त्याला नाव नाही, ओळख नाही आणि कोणी वाटाड्याही नाही. लाटांचा आवाज, वाऱ्याची झुळूक आणि बंद दारे एवढेच काय ते त्याच्या वाट्याला येते. असा शांत, संथ खेळ लोकांना कंटाळवाणा वाटेल अशी शंका कोणासही आली असती. परंतु घडले ते उलटेच. त्याच्या ६० लाखांहून अधिक प्रती खपल्या, आणि घरगुती संगणकावरील सर्वांत अधिक खपाचा खेळ हा मान २००२ सालापर्यंत त्याच्याकडेच राहिला.

पडद्याचा डोळा होतो तरी कसा? हे समजण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. सोलापूर जिल्ह्यातील माढा हे तालुक्याचे गाव घ्या. दौंडहून सोलापूरला जाणाऱ्या लोहमार्गावर माढ्याचे स्थानक आहे. फलाटाच्या टोकाशी सुरक्षित अंतरावर उभे राहून दूरवर दृष्टी टाकली, तर काय दिसते? दोन्ही बाजूंस जोंधळ्याची आणि उसाची सपाट शेते, आणि मधून जाणारे दोन रूळ. ते जवळ रुंद दिसतात, पुढे पुढे एकमेकांकडे सरकतात आणि क्षितिजाशी जणू एक होतात. वस्तुतः ते कोठेच एकत्र येत नाहीत. रुंदमापी मार्गाचे दोन रूळ आरंभापासून शेवटापर्यंत १.६७६ मीटर अंतरावरच असतात. मग हा आभास कशाचा?

डोळ्यापासून अर्ध्या मीटरवर एक स्वच्छ काच उभी धरली आहे, आणि तिच्यातून जे दिसते ते आपण काचेवर गिरवीत आहोत, अशी कल्पना करा. रुळांमधील पाच मीटर दूरचे अंतर काचेवर सुमारे १६.८ सेंटीमीटर भरेल. पन्नास मीटर दूरचे तेच अंतर केवळ १.७ सेंटीमीटर भरेल, आणि पाचशे मीटर दूरचे तर जेमतेम १.७ मिलीमीटर! वस्तू दहापट दूर गेली की काचेवरील तिचे चित्र दहापट लहान होते. भूमितीत समरूप त्रिकोण शिकताना तुम्हांला ह्याची उपपत्ती कळेल. संगणक नेमके हेच करतो. खेळातील डोंगर, भिंती आणि यंत्रे ही सारी लहान लहान त्रिकोणांची बनवलेली असतात. त्यांचे कोपरे कोठे आहेत ह्याची नोंद संगणकाजवळ असते. खेळणारा कोठे उभा आहे हे पाहून तो प्रत्येक कोपऱ्यासाठी असाच भागाकार करतो आणि पडदारूपी काचेवर त्याची जागा ठरवतो.

खेळणारा एक पाऊल पुढे टाकतो तेव्हा सर्व अंतरे बदलतात, आणि संपूर्ण चित्र नव्याने काढावे लागते. आजचे संगणक हे काम एका सेकंदात तीस, साठ किंवा त्याहूनही अधिक वेळा करतात. म्हणूनच धावत्या गाडीच्या खिडकीतून जवळची बाभूळ झर्रकन मागे पळावी आणि दूरची टेकडी मात्र बराच वेळ सोबत यावी, तसाच अनुभव पडद्यावरही येतो. ‘मिस्ट’ निघाला तेव्हा घरगुती संगणकांची एवढी शक्ती नव्हती. म्हणून त्याच्या कर्त्यांनी सुमारे अडीच हजार स्थिर चित्रे आधीच तयार करून ठेवली. खेळणाऱ्याने पुढे जाण्याची खूण केली की पुढचे चित्र येई. जणू ते बेट एका मोठ्या चित्रसंग्रहासारखे होते, आणि पान उलटण्याचे काम खेळणाऱ्याकडे होते.

आता त्या बेटावरील कोडी पाहू. बेटावर एक मनोरा आहे. एक ग्रंथालय आहे. निरनिराळ्या काळी आकाशात तारे कसे दिसतात हे दाखवणारी एक खोली आहे. एका कारंज्याभोवती काही खांब आहेत व त्यांवर चिन्हे कोरलेली आहेत. आणि धक्क्याजवळ एक जहाज पाण्यात बुडालेले आहे. जहाज वर कसे आणायचे? दोर नाही, यारी नाही, मदतीला माणसेही नाहीत. मनोऱ्यात काही दिनांक आणि वेळा लिहिलेल्या आढळतात. ताऱ्यांच्या खोलीत जाऊन ते दिनांक लावले, की आकाशात एकेक तारकासमूह दिसतो. त्या आकृती लक्षात ठेवून ग्रंथालयात आले, की एका पुस्तकात त्यांची नावे सापडतात. त्या नावांची चिन्हे मग खांबांवर ओळखता येतात. योग्य ती चिन्हे दाबली म्हणजे जहाज पाण्यातून वर येते.

ह्या साखळीकडे नीट लक्ष द्या. मनोऱ्यातील दिनांक एकटे निरर्थक आहेत. पुस्तकातील आकृती एकट्या निरर्थक आहेत. वाक्याचे उद्देश्य एका गावी आणि विधेय दुसऱ्या गावी असावे, तशी ही स्थिती आहे. दोन्ही एकत्र आणण्याचे काम खेळणाऱ्याच्या मनाने करायचे असते. म्हणून ह्या खेळाच्या पेटीत एक कोरी वहीही दिलेली असे. जे दिसेल ते टिपून ठेवा, आकृती काढा, नकाशा आखा, असेच ती वही न बोलता सांगत होती.

कोणी म्हणेल, ‘एवढा खटाटोप कशाला? खांब आहेत, चिन्हे आहेत. सर्व प्रकारांनी दाबून पाहावे, केव्हातरी बरोबर जुळेलच!’ हा मार्ग किती लांबचा आहे हे आपल्या भूमीतील एका थोर गणितज्ञाच्या साहाय्याने मोजता येते. भास्कराचार्यांनी ११५० साली आपला ग्रंथ पूर्ण केला. त्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. त्यांच्या ‘लीलावती’ ह्या प्रसिद्ध ग्रंथाच्या शेवटी ‘अंकपाश’ नावाचे प्रकरण आहे. वस्तूंचा क्रम किती प्रकारांनी लावता येतो, हा त्याचा विषय आहे. तेथे आचार्य विचारतात की, चार हातांच्या विष्णूच्या शंख, चक्र, गदा आणि पद्म ह्या चार वस्तू हातांतल्या हातांत बदलत गेल्या, तर किती निराळ्या मूर्ती होतील? पहिल्या हातासाठी चार पर्याय, दुसऱ्यासाठी उरलेले तीन, तिसऱ्यासाठी दोन आणि चौथ्यासाठी एक. चार गुणिले तीन गुणिले दोन गुणिले एक, म्हणजे २४. त्याच प्रश्नात ते दहा हातांच्या आणि दहा आयुधांच्या शंकराचीही मूर्ती घेतात. आयुधे केवळ दहा. परंतु प्रकार होतात ३६,२८,८००!

आता समजा, खेळात दहा कळी आहेत आणि त्या एका विशिष्ट क्रमाने दाबल्या तरच दार उघडते. एक क्रम दाबून पाहण्यास दहा सेकंद लागतात. सर्व क्रम पाहायचे तर ३,६२,८८,००० सेकंद हवेत. एका दिवसात ८६,४०० सेकंद असतात. भागाकार करून पाहा. उत्तर येते बरोबर ४२० दिवस. तेही न जेवता, न झोपता आणि एकदाही न चुकता! आता समजा, भिंतीवरच्या एका चित्रावरून पहिल्या पाच कळींचा क्रम तुम्ही ओळखलात. मग उरल्या पाच. त्यांचे क्रम १२० होतात आणि त्यांना लागतात केवळ वीस मिनिटे. आणि उरलेले अर्धे चित्रही तुम्हांला उमगले, तर दहा सेकंद पुरे आहेत. हातांनी चारशे वीस दिवसांत होणारे काम डोळे आणि बुद्धी ह्यांनी दहा सेकंदांत होते. अशा खेळांत शस्त्रे का नसतात, ह्याचे उत्तर ह्या हिशेबात आहे.

ह्या खेळांचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे त्यांतील यंत्रे. कथा पाहावी तर अद्भुत, विज्ञानाच्या कल्पनेवर उभारलेली. आणि यंत्रे पाहावीत तर पितळी चाकांची, काट्यांच्या तबकड्यांची, दांड्यांची आणि नळ्यांची! भविष्याची गोष्ट सांगताना ही जुनी सामग्री कशाला? त्याचे कारण असे की, मागील पिढ्यांनीही भविष्याची स्वप्ने पाहिली होती. ज्यूल व्हर्न ह्या फ्रेंच लेखकाने १८६५ साली तोफेतून चंद्राकडे जाणाऱ्या गोळ्याची कादंबरी लिहिली, आणि १८७० च्या सुमारास समुद्राच्या पोटात फिरणाऱ्या नॉटिलस ह्या पाणबुडीची. त्याच्या डोळ्यांसमोर वाफेची इंजिने आणि पितळी उपकरणे होती. म्हणून त्याचे भविष्यही वाफेचे आणि पितळेचेच झाले. पूर्वजांनी कल्पिलेले हे भविष्य पुन्हा रंगवणे, ह्यालाच गतकालीन धाटणीची विज्ञानकथा म्हणतात. व्हर्नच्या ‘गूढ बेट’ ह्या १८७४–७५ सालच्या कादंबरीत फुग्यातून निर्जन बेटावर येऊन पडलेले लोक आपल्या ज्ञानाच्या बळावर विटा भाजतात, लोखंड गाळतात आणि तारायंत्रही उभारतात. ‘मिस्ट’च्या कर्त्यांना आपल्या बेटाची स्फूर्ती ह्याच कादंबरीपासून मिळाली.

मराठी वाचकांना हा लेखक परका नाही. कृष्णाजी नारायण आठल्ये ह्यांनी आपल्या ‘केरळकोकीळ’ मासिकातून १९०० च्या सुमारास व्हर्नची चंद्रावरील सफर मराठीत आणली. पुढे भा. रा. भागवत ह्यांनी त्याच्या अनेक कादंबऱ्या मुलांसाठी मराठीत उतरवल्या. मग मराठीने स्वतःची विज्ञानकथाही घडवली. मराठी विज्ञान परिषदेने १९७४ साली घेतलेल्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ह्या कथेला पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. प्रत्यक्षात ती कथा लिहिली होती कोल्हापूरला जन्मलेले जगप्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकर ह्यांनी. आपल्या कीर्तीचा परीक्षकांवर परिणाम होऊ नये म्हणून त्यांनी टोपणनाव घेतले होते. पण ते नाव त्यांनी वाटेल तसे घेतलेले नव्हते. दोन्ही नावे एकाखाली एक लिहा आणि प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर पाहा. त्यात एक लहानसे कोडे दडलेले आहे. त्याचे उत्तर येथे दिलेले नाही.

जुन्या यंत्रांची निवड करण्यामागे आणखी एक, आणि अधिक महत्त्वाचे, कारण आहे. जुने यंत्र आपले काम लपवीत नाही. माढे तालुक्यातच कुर्डुवाडी हे रेल्वेचे मोठे जंक्शन आहे. पूर्वी त्या स्थानकाला बार्शी रोड म्हणत. एव्हरार्ड कॅलथ्रॉप ह्या इंग्रज अभियंत्याने उभारलेली अरुंदमापी बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली तेथून बार्शीकडे धावू लागली. तिचे रूळ एकमेकांपासून केवळ अडीच फुटांवर होते. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि मिरज येथपर्यंत पोहोचली. पंढरीच्या असंख्य वारकऱ्यांनी तिच्यातून प्रवास केला. एकविसाव्या शतकाच्या आरंभी हा मार्ग टप्प्याटप्प्याने रुंदमापी करण्यात आला. त्या छोट्या गाडीचे वाफेचे इंजिन ज्या मुलाने फलाटावर उभे राहून पाहिले असेल, त्याला ते कसे चालते हे अर्धेअधिक नुसते पाहूनच कळले असेल. वाफेने दट्ट्या ढकलला, दट्ट्याने दांडा, आणि दांड्याने चाक. सारे काही उघड्यावर! आजच्या मोबाइलची काळी काच कितीही वेळ न्याहाळली, तरी तिच्या आत काय चालले आहे ह्याचा पत्ता लागत नाही. म्हणूनच कोडे घालणाऱ्याला मोबाइलपेक्षा पितळी चाक अधिक उपयोगी पडते. जे पाहून समजू शकते, त्याचेच न्याय्य कोडे होऊ शकते.

रेल्वेच्या जुन्या सिग्नल केबिनमध्ये तर अशा खेळात शोभेल अशीच योजना असे. एका ओळीत लोखंडी दांडे उभे असत. काही दांडे सांधे बदलण्याचे, काही सिग्नल पाडण्याचे. मात्र कोणताही दांडा वाटेल तेव्हा ओढता येत नसे. ज्या मार्गावर गाडी घ्यायची त्याचे सांधे नीट बसून पक्के झाल्याशिवाय त्या मार्गाचा सिग्नल देणारा दांडा हलतच नसे. खालच्या लोखंडी पट्ट्या एकमेकींत अशा अडकवलेल्या असत की, चुकीचा क्रम घडणे अशक्य व्हावे. नवख्या माणसाला ते दांडे हट्टी वाटत. जाणत्याला त्यांत एक नियम दिसे, आणि त्या नियमावर शेकडो उतारूंचे प्राण अवलंबून असत. खेळातील यंत्रही असेच असते. ते हलत नाही तेव्हा ते आपला द्वेष करीत नसते. ‘आधी दुसरे काहीतरी झाले पाहिजे,’ एवढेच ते सांगत असते.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आउटर वाइल्ड्स’ ह्या खेळाने ही कल्पना शेवटच्या टोकाला नेली. ॲलेक्स बीचम ह्या अमेरिकन विद्यार्थ्याने विद्यापीठात असताना त्याचा आरंभ केला होता. ह्यात लाकूड आणि पत्रे ठोकून बनवलेले एक गमतीदार यान आहे, आणि हिंडण्यासाठी एक चिमुकली सूर्यमाला आहे. दर २२ मिनिटांनी तेथील सूर्याचा स्फोट होतो, सर्व काही नष्ट होते आणि खेळणारा पुन्हा पहिल्याच जागी जागा होतो. त्याने मिळवलेली कोणतीही वस्तू उरत नाही. उरते ते एकच : त्याला जे कळले ते. ज्या दिवशी खेळ सुरू होतो त्याच दिवशी तो संपवण्याची सर्व साधने खेळणाऱ्याजवळ असतात. फक्त काय करायचे हे त्याला ठाऊक नसते. ह्या खेळात ज्ञानाहून दुसरी किल्लीच नाही.

आणि येथेच एक प्रश्न उभा राहतो. आज अशा प्रत्येक खेळाची उत्तरे लिहून ठेवलेली असतात. कोणीतरी खेळून दाखवलेली चित्रफीतही असते. कोठे अडले की मोबाइल उघडावा, उत्तर पाहावे, तसेच करावे आणि पुढे जावे. त्यात काय बिघडले? दार तर उघडतेच!

दार उघडते हे खरे. परंतु दारामागे जे होते ते मात्र हाती लागत नाही. आजी उखाणा घालते आणि मूल विचार करीत असतानाच कोणीतरी शेजारून उत्तर सांगून टाकते. तेव्हा त्या मुलाला राग का येतो? उत्तर तर त्याला मिळालेले असते! कारण त्याला उत्तर नको होते. ते सापडण्याचा क्षण हवा होता. पंढरपूर किती दूर आहे, ही माहिती दुसऱ्याकडून घेण्यात काहीच कमीपणा नाही. माहिती सांगता येते. उमज मात्र सांगता येत नाही. ती ज्याची त्यालाच यावी लागते. वस्तूंनी भरलेल्या खेळात दुसऱ्याचे उत्तर वापरले तर निदान वस्तू तरी मिळते. ज्या खेळात उमज हीच एकमेव प्राप्ती आहे, त्यात उसने उत्तर घेणाऱ्याजवळ शेवटी काहीच उरत नाही.

म्हणून अडण्याची लाज वाटू देऊ नये. अडणे म्हणजे हरणे नव्हे. अडलेल्या क्षणी काय करावे, हे मात्र शिकण्यासारखे आहे. जे पाहिले ते वहीत लिहावे. जे खात्रीचे आहे ते एका बाजूला आणि जे अंदाजाचे आहे ते दुसऱ्या बाजूला मांडावे. दहा कळींपैकी पाच कळल्या असतील, तर चारशे वीस दिवसांची वीस मिनिटे झाली आहेत हे आठवावे. मित्राशी बोलावे, पण ‘उत्तर सांग’ असे न म्हणता ‘तुला काय दिसते?’ असे विचारावे. तरीही उलगडा झाला नाही तर पडदा बंद करून मैदानावर जावे, नाहीतर झोपी जावे. खेळ कोठे पळून जात नाही, आणि विश्रांती घेतलेल्या मनाला पुष्कळदा काल न दिसलेली खूण आज दिसते. पडद्यासमोर तासन्‌तास बसणे म्हणजे विचार करणे नव्हे, हेही लक्षात ठेवावे. काही खेळ असे असतात की, ते कधी संपतच नाहीत आणि पुनःपुन्हा पैसे मागत राहतात. चांगल्या कोड्याच्या खेळाला मात्र चांगल्या पुस्तकाप्रमाणे शेवट असतो. तो संपतो आणि आपल्याला मोकळे करतो.

अशी बेटे केवळ संगणकातच असतात असे समजू नका. बंद पडलेली सायकल, न सुटणारे उदाहरण, पहिल्या वाचनात न कळलेली कविता, रात्री आकाशात सरकत जाणारे तारे. ही सारी न बोलणारी यंत्रेच आहेत. त्यांच्याजवळही आपण प्रथम पुरुषीच उभे असतो. ‘तो’ सोडवील म्हणून थांबता येते, ‘तू’ सोडव म्हणून सांगता येते. परंतु ज्या दिवशी ‘मी पाहतो, मी शोधतो’ असे आपण म्हणतो, त्या दिवसापासून दारे उघडू लागतात.

स्वाध्याय

१. व्हिडिओ गेमचे तीन ‘पुरुष’ कोणते, ते प्रत्येकी एक उदाहरण देऊन सांगा.
२. लोहमार्गाचे रूळ दूरवर एकत्र आल्यासारखे का दिसतात?
३. सहा कळींचे क्रम किती होतील? प्रत्येक क्रमाला दहा सेकंद लागल्यास सर्व क्रम पाहण्यास किती वेळ लागेल?
४. जुन्या यंत्रांचीच कोडी अधिक न्याय्य का होतात, हे आपल्या शब्दांत लिहा.
५. जयंत नारळीकरांच्या टोपणनावातील कोडे सोडवा. उत्तर सापडल्यावर ते मित्राला सांगू नका. त्याला फक्त दोन्ही नावे लिहून द्या.